बंगळुरूचा धडा : क्लब सक्षम, पण हंगामाची हमी कोणाची?

भारतातील सर्वाधिक सुव्यवस्थित फुटबॉल क्लबांमध्ये ज्याची गणना होते, त्या बंगळुरू एफसीने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित करीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी जेमतेम चार महिन्यांपूर्वी, १२ एप्रिल २०२५ रोजी, हाच संघ कोलकात्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना खेळला होता. त्या सामन्यात बंगळुरूने प्रथम आघाडी घेतली होती. मोहन बागानने अतिरिक्त वेळेत २-१ अशी सरशी साधली. वयाची चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्रीने त्या हंगामात १४ गोल केले होते.

उपविजेत्या संघाचे वेतन थांबावे असे मैदानावर काहीही घडले नव्हते. जे घडले ते कराराच्या कागदावर घडले होते.

पंधरा वर्षांचा करार

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्स या समूहाला दिले. त्याच करारातून २०१४ साली इंडियन सुपर लीग उभी राहिली आणि तिचे संचालन फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड या कंपनीकडे आले. या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती. लीगचा हंगाम साधारणतः सप्टेंबरमध्ये सुरू होऊन पुढील वसंतापर्यंत चालतो. म्हणजेच हंगाम ऐन भरात असताना तो चालविण्याचा अधिकारच संपुष्टात येणार होता.

ही तारीख कोणालाही अज्ञात नव्हती. परंतु महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता आणि अंतिम निकालापर्यंत नव्या अटींवर वाटाघाटी करू नयेत, असे न्यायालयाने महासंघाला सांगितले होते. परिणामी जुलै २०२५ मध्ये कंपनीने नवा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबांना कळविले. सामने नाहीत म्हणजे तिकीटविक्री नाही, प्रक्षेपण नाही आणि प्रायोजकही नाहीत. मात्र खेळाडूंशी केलेले करार कायम होते. बंगळुरूने वेतन थांबविले. अन्य काही क्लबांनीही अशीच पावले उचलली. युवा संघ आणि प्रशिक्षण केंद्रांचे काम सुरू राहील, असे बंगळुरूने स्पष्ट केले होते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

कारखान्यांकडून क्लबांकडे

बंगळुरू हे फुटबॉलच्या नकाशावर नव्याने आलेले शहर नव्हे. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. ब्रिटिश पलटणींची मक्तेदारी मोडून हा चषक जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. तत्कालीन म्हैसूर राज्याने संतोष करंडक चार वेळा पटकावला. स्वातंत्र्योत्तर काळात शहरातील फुटबॉलचा भार प्रामुख्याने सार्वजनिक उद्योगांनी वाहिला. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांचे संघ राष्ट्रीय पातळीवर खेळले. या संघांतील खेळाडू हा प्रथम कारखान्याचा कर्मचारी असे. मानधन मोठे नसले तरी खेळ संपल्यावर नोकरी उरत असे.

सार्वजनिक उद्योगांनी हात आखडता घेतल्यावर ही व्यवस्था क्षीण झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा संघ २०११-१२ च्या हंगामानंतर आय-लीगमधून बाहेर पडला. त्यानंतर सुमारे वर्षभराने, जुलै २०१३ मध्ये, जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने बंगळुरू एफसीची स्थापना केली. त्या वेळच्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे आय-लीगमध्ये, थेट प्रवेश मिळालेल्या या क्लबने पहिल्याच प्रयत्नात, २०१३-१४ मध्ये, विजेतेपद मिळविले. मे २०१५ मध्ये कांतीरवा मैदानावर मोहन बागानविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत गोल पत्करावा लागल्याने दुसरे विजेतेपद हुकले; तथापि २०१५-१६ मध्ये ते पुन्हा बंगळुरूत आले. २०१६ साली एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. २०१७ मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला आणि मार्च २०१९ मध्ये मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईकर राहुल भेकेच्या गोलने एफसी गोवाचा पराभव करून विजेताही झाला.

या वाटचालीतून एक समज दृढ झाला होता. भक्कम मालक, व्यावसायिक व्यवस्थापन, युवा प्रशिक्षण आणि निष्ठावान प्रेक्षक लाभल्यास भारतातही फुटबॉल क्लब टिकू शकतो, असा तो समज. २०२५ च्या उन्हाळ्याने त्यातील उणीव दाखवून दिली. या चारही गोष्टी क्लबच्या हाती असतात. हंगाम मात्र त्याच्या हाती नसतो.

शिडी आणि तिचे पहिले टोक

याच काळात बंगळुरूतील आणखी एक क्लब वेगळ्या अनुभवातून जात होता. स्पोर्टिंग क्लब बंगळुरूने २०२३-२४ मध्ये आय-लीगची द्वितीय श्रेणी जिंकून आय-लीगमध्ये प्रवेश मिळविला. पुढच्याच हंगामात कामगिरी अपुरी पडल्याने त्याची पुन्हा खाली घसरण झाली. ही घसरण कठोर असली तरी न्याय्य होती, कारण ती गुणतक्त्याने ठरविली होती. एकाच शहरातील एका क्लबचे भवितव्य सामन्यांच्या निकालाने ठरते आणि दुसऱ्याचे कराराच्या मुदतीने, ही विसंगती भारतीय फुटबॉलच्या रचनेविषयी पुरेसे सांगून जाते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये व्यवस्थापनाच्या निर्णयाने बंद झाला. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये अस्तंगत झाला. लीगमधील त्याची जागा हैदराबादला मिळाली आणि २०२५ मध्ये तोच संघ नव्या नावाने दिल्लीला गेला. मुंबई सिटीमधून सिटी फुटबॉल ग्रुप या जागतिक समूहाने डिसेंबर २०२५ मध्ये अंग काढून घेतले. संघ बदलतात, शहरे बदलतात. प्रेक्षकांनी जोपासलेली निष्ठा मात्र कोणत्याही हस्तांतरपत्रात नोंदविली जात नाही.

अर्धा हंगाम

सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी महासंघाच्या घटनेस मान्यता दिली. त्यानंतर व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढण्यात आली. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ क्लबांसह लीग सुरू होत असल्याची घोषणा केली आणि १४ फेब्रुवारीस पहिला सामना झाला. लीगच्या दोन सामन्यांमध्ये दहा महिन्यांचे अंतर पडले होते. त्या अवधीत गोव्यात सुपर कप स्पर्धा झाली.

या संक्षिप्त हंगामाची आखणी ९१ सामन्यांची होती. २०२४-२५ मध्ये साखळी फेरीत प्रत्येक क्लबच्या वाट्याला २४ सामने आले होते. आता ते १३ वर आले. छेत्रीसारख्या प्रस्थापित खेळाडूला ही घट सोसता येईल. परंतु पहिल्या व्यावसायिक कराराच्या प्रतीक्षेत असलेल्या वीस वर्षांच्या खेळाडूसाठी हुकलेले ११ सामने म्हणजे आपले कौशल्य सिद्ध करण्याची हुकलेली संधी होय. फुटबॉलपटूची कारकीर्द मुळात दहा-बारा वर्षांची. त्यातील एक वर्ष परत मिळत नाही.

त्यामुळे केवळ लीग सुरू झाली एवढ्यावर समाधान मानणे योग्य ठरणार नाही. व्यावसायिक भागीदार कोणीही असो वा नसो, हंगामाचे वेळापत्रक निश्चित राहील अशी तरतूद महासंघाने करावयास हवी. कोणत्याही नव्या कराराची मुदत हंगामाच्या मध्यावर संपू नये, ही साधी दक्षता त्याचा आरंभ ठरू शकते. हंगाम रखडल्यास खेळाडूंना किमान वेतन मिळेल, असा राखीव निधीही आवश्यक आहे. कारखान्याच्या संघातील खेळाडूला नोकरीची हमी होती. व्यावसायिक युगाने ती हमी काढून घेतली, पण तिच्या जागी दुसरी दिली नाही. ती देण्याचे काम बंगळुरूसारखा क्लब एकट्याने करू शकत नाही, हे ऑगस्ट २०२५ ने दाखवून दिले आहे.