मुखपृष्ठ आणि छापखान्यातली रात्र

दसरा उलटला की छापखान्यांत दिवाळी अंकांची उरलीसुरली मुखपृष्ठं येऊन धडकतात. पुष्कळदा व्हॉट्सअ‍ॅपवरून. सोबतचा निरोप ठरलेला: ‘फाइल फायनल आहे, आजच मशीनला घ्या.’ ऑपरेटर फाइल उघडतो तर चित्र जेमतेम १०८० पिक्सेल रुंद. मोबाइलवर ते झकास दिसतं. पण ऑफसेटला इंचामागे ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेतीन इंचांच्या पुढे ताणलं की चित्र फाटायला लागतं. ए-फोर मुखपृष्ठाला रुंदीच २४८० पिक्सेल हवी.

पुढची रात्र ऑपरेटरची. पडद्याच्या आरजीबी रंगांचं छपाईच्या चार शायांचं सीएमवायके करायचं, कटिंगसाठी चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड सोडलेला नसेल तर पार्श्वभूमी वाढवायची, फाँट कर्व्ह करायचे. या कामाचे वेगळे पैसे सहसा कुणी देत नाही, अंकात नावही येत नाही. रंग उतरला तर मात्र बोल त्यालाच. हा सरळसरळ अन्याय आहे.

मुळात पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. झेंडूचा झळझळीत केशरी किंवा गर्द निळा चार शायांमध्ये तसाच्या तसा येत नाही, थोडा मळतोच. यात ऑपरेटरचा काय दोष? चित्रकाराने काम चालू असतानाच सीएमवायकेमध्ये एकदा पाहिलं, तर तो स्वतःच दुसरी छटा निवडेल.

मराठीला तर आणखी एक जाच आहे. इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल, तर ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी ‘द’च्या मागून उठून पुढे जाऊन बसते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘साऱ्यांना’मधला ‘ऱ्या’ मोडू शकतो. आणि काळा रंग! तो चारही शायांचा झाला आणि त्यावर बारीक पांढरी अक्षरं ठेवली, की एखादी प्लेट केसभर सरकली तरी अनुस्वार बुजतो. ‘रंग’चा ‘रग’ होतो. पडद्यावर हे बुजणं दिसत नाही; भिंग घेऊन छापील कागदावर वाकलेल्या माणसालाच ते दिसतं.

का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची वाट पाडली. पुढे दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ काढला. त्या अंकाचा चित्रकार आणि संपादक एकच होता. आज चित्रकार एका गावी, संपादक दुसऱ्या, छापखाना तिसऱ्या. त्यांच्यातलं संभाषण एका पीडीएफवर आलं आहे. त्यामुळे ती पीडीएफ बनवणं हे कारकुनी काम समजून चालणार नाही.

प्रकाशकांनी चित्र सांगण्याआधीच छापखान्याला फोन करून माप, ब्लीड, कागद विचारून घ्यावा. ग्लॉसी आर्टपेपरवर खुलणारा रंग मॅप्लिथोवर शोषला जातो, हे चित्रकाराला आधी कळायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. अंदाजपत्रकात फाइल-तयारीची वेगळी ओळ आणि रंगीत प्रूफचा खर्च धरावा. ते प्रूफ चित्रकाराने सही करून परत पाठवायला दोन दिवस लागतील. ते दसऱ्याच्या आधीचेच हवेत.