पट्टी स्टीलची की प्लास्टिकची?



साउथहॅम्प्टनमध्ये आठ वर्षं काढून आम्ही पुण्याला परत निघालोय. सामान बोटीने जाणार. तीस खोकी आणि बायकोची पेटी (हार्मोनियम हो, ट्रंक नव्हे!). पॅकिंगवाल्याने विचारलं, पॅलेटला पट्टी कुठली मारू, स्टील की पॉलिएस्टर? मी ऐटीत म्हटलं, स्टील! डिग्री मेकॅनिकलची आहे, पोट जावावर चालत असलं तरी.

रात्री बाबांना फोन केला. त्यांची तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला गेली. म्हणाले, "अरे, खोकी पुठ्ठ्याची ना? पुठ्ठा दबणार, पट्टी सैल पडणार. लोखंड ताणत नाही, हीच त्याची अडचण."

मग कागद घेऊन बसलो. २५० मेगापास्कल ताणाला स्टील जेमतेम ०.१२५ टक्के लांबतं. म्हणजे ४ मीटरच्या वेढ्यात फक्त ५ मिलिमीटर. माल ३ मिलिमीटर खाली बसला की वेढा ६ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे ताण शून्य! पॉलिएस्टरची पट्टी २ टक्के ताणली, तर तेवढ्याच वेढ्यात ८ सेंटिमीटर होतात. त्यातला काही ताण कालांतराने जातो, पण माल दबला तरी पट्टी मागोमाग आवळत राहते. समुद्रावरच्या दमट हवेत काही आठवडे काढायचे तर हेच हवं.

मग स्टील कशाला? जो माल दबत नाही, धारदार असतो किंवा गरम असतो त्याला: पत्र्याची कॉइल, कास्टिंग वगैरे. तिसरी ती स्वस्तातली पॉलिप्रॉपिलीन. तिचा ताण आपोआप उतरतो आणि उन्हात ती ठिसूळ होते. हलक्या पार्सलला ठीक. पट्टी कुठलीही असो, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल लावून घ्या. लाकडी खोका असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का बघा.

आणि पट्टीवर भलता भरवसा नको. ३ जानेवारी २०१५ ला इथूनच निघालेली 'हेग ओसाका' ही मोटारी नेणारी बोट सोलेंटमध्ये कलंडून ब्रॅम्बल बँकेवर रुतली. चौकशीत निघालं की बोट सुटतानाच तिचा तोल पुरेसा नव्हता. आतला माल सरकला, पण तो बोट कलल्यानंतर. तेव्हा जड खोकी खाली, हलकी वर. पट्टी त्यानंतर.

फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "कापताना जप." त्यांच्या भुवईवर एक व्रण आहे. लहानपणी विचारलं की म्हणायचे, सायकलवरून पडलो. त्या रात्री खरं सांगितलं: ताणलेली स्टीलची पट्टी कापली आणि ती उसळून आली. डोळा बोटभर अंतराने वाचला. घरी घाबरतील म्हणून कधी बोलले नाहीत.

पॉलिएस्टरही उसळतं, जरा कमी इतकंच. तेव्हा हातोडीने, पहारीने उचकटू नका. कटर वापरा, हातमोजे आणि चष्मा घाला, बाजूला उभे राहून कापा, पोरांना लांब ठेवा.

सकाळी पॅकिंगवाल्याला पॉलिएस्टर सांगितली. पुण्यात पट्ट्या कापायला बाबा येणार आहेत. चष्मा मी घेऊन ठेवलाय, दोन.

आपला,
साउथहॅम्प्टनकर (अजून महिनाभर)