‘अहो, ओढा एक, पण खेकसू नका!’

बिडी-सिगारेट सोडून चार दिवस झाले की हे वाक्य घरोघरी ऐकू येते. बोलणाऱ्या बाईचा हेतू वाईट नसतो, ती बिचारी वैतागलेली असते. पण हे वाक्य घातक आहे, आणि त्यामागचा समज तर साफ चुकीचा.

समज असा, की बिडीने डोके शांत राहते. खरे काय होते? झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते. सुमारे दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. हात शिवशिवतात, उगाच राग येतो. पुढची बिडी एवढेच थांबवते. आग लावणाराच बंब घेऊन येतो आणि आपण त्याचे आभार मानतो!

पूर्व भागातला यंत्रमाग कामगार म्हणतो, "डॉक्टर, टेन्शनमुळे ओढतो." टेन्शन खरेच आहे. पण बिडीने ना मजुरी वाढते, ना कर्ज फिटते. दर दोन तासांचे एक नवे टेन्शन मात्र जोडले जाते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात दिसले.

आपल्या सोलापुरात हजारो बायका बिड्या वळून संसार चालवतात, म्हणून बिडीला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. पण वळणारीच्या रोजगाराचा प्रश्न ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातून सुटणार नाही.

‘मन खंबीर ठेव’ म्हणणारे दुसरे शहाणे. चिडचिड, रडू येणे, झोप उडणे, कशातच लक्ष न लागणे हा मनाचा दुबळेपणा नाही, निकोटीन तुटल्याची शारीरिक लक्षणे आहेत. पहिल्याच दिवशी ती सुरू होतात, पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो आणि बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत उतार पडतो. तेवढे दिवस घरच्यांनी पैशाचे आणि भाऊबंदकीचे विषय काढू नयेत. सोडणाऱ्यानेही आधीच सांगून ठेवावे, "महिनाभर सांभाळून घ्या." अर्थात, त्यामुळे बायको-मुलांवर हात उगारायची मुभा मिळत नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: धूम्रपान थांबले की शरीरातून कॅफिन हळू बाहेर पडते. म्हणजे तोच सहा कप चहा आता जास्त चढतो, छाती धडधडते, झोप येत नाही, आणि खापर फुटते बिडी सोडण्यावर. चहा निम्मा करा. बिडीऐवजी मावा, तंबाखू-चुना किंवा मिश्री धरू नका, त्यांतही निकोटीनच आहे. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ उठून चालून या. निकोटीनचा च्युइंगगम मिळतो. तो पानासारखा सारखा चघळायचा नसतो. थोडा चावून गालात ठेवायचा. मधुमेह किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, काहींचा डोस बदलावा लागतो.

सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांकडे या. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला तर मात्र एक दिवसही थांबू नका, टेली-मानसच्या १४४१६ वर लगेच फोन करा. तिथे रात्रीही कोणीतरी बोलते.