हॅरी मिजली मंत्री झाला त्याची गोष्ट

'आधी वर्ग, मग जात' हा धडा आम्हाला आजही दिला जातो. देणारे मित्र पुष्कळदा प्रामाणिक असतात. त्यांच्यासाठी आज बेलफास्टच्या एका माणसाची हकीकत सांगतो. आयर्लंड आपल्या चळवळीला परके नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त, म्हणजे जे भाषण बाबासाहेबांना करूच दिले नाही त्यात, अल्स्टरचा दाखला आहे. रेडमंड हवी ती संरक्षणे देऊ करत होता, कार्सनने ती झिडकारली. बाबासाहेब विचारतात, का झिडकारली? मिजलीचे आयुष्य त्याच प्रश्नाभोवती फिरते.

हॅरी मिजली १८९२ साली प्रोटेस्टंट कामगाराच्या घरी जन्मला. बापामागोमाग जहाजाच्या कारखान्यात गेला, सुतारकाम शिकला, केअर हार्डीमुळे समाजवादी झाला. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर युनियनचे काम करू लागला. पण त्या कारखान्यातही गावकुसाची भिंत होतीच. कसबाची, बऱ्या पगाराची कामे बहुतांशी प्रोटेस्टंटांकडे. जुलै १९२० मध्ये कॅथलिक कामगारांना मारहाण करून हुसकले गेले. शहरातून हजारो लोक कामाला मुकले. त्यांच्यासोबत समाजवादी आणि युनियनवाले प्रोटेस्टंटही हाकलले. त्यांना शिवी होती, 'सडके प्रोटेस्टंट'. जात सोडणाऱ्याला जात कशी वागवते, हे आमच्या वाचकाला सांगायला नको. मारणारेही कामगारच होते, हे मात्र सांगायला हवे.

१९२१ च्या निवडणुकीत मिजली फाळणीविरोधी मजूर उमेदवार होता. त्यांची अल्स्टर हॉलमधली सभा कारखान्यातल्याच कामगारांनी ताब्यात घेऊन उधळली. मते मिळाली जेमतेम सहाशेच्या वर. दोनच वर्षांनी पश्चिम बेलफास्टमध्ये त्याला बावीस हजारांवर मते पडली, दोन्ही धर्मांच्या गरिबांची. तो थोडक्यात हरला. १९३२ साली बेकारीच्या तुटपुंज्या मदतीवरून फॉल्स आणि शँकिल या दोन्ही वस्त्या एकत्र रस्त्यावर उतरल्या. म्हणजे एकी अशक्य नव्हती. पण ती टिकली नाही. १९३५ च्या उन्हाळ्यात तेच शहर पुन्हा धर्माच्या नावाने पेटले.

इथे आमचे म्हणणे आहे. मिजलीच्या मजूर पक्षाने काय केले? फाळणीवर बोलू नका, मते फुटतील. घरे आणि मजुरी यांवर बोला. नोकरी कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा जणू भाकरीचा प्रश्नच नव्हता! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी नेमके हेच विचारले होते: विणकाम खाते अस्पृश्य कामगाराला बंद का? तिथली भिंत मालकाने नव्हे, सोबतच्या कामगाराने उभी केली होती. ती पाडायला सांगणारा एकी मोडतो, असे म्हणणाऱ्यांनी एकी म्हणजे काय ते एकदा सांगावे.

मिजलीत हिंमत नव्हती असे नाही. १९३३ मध्ये डॉक मतदारसंघातून तो आमदार झाला. स्पेनमध्ये युद्ध पेटताच त्याने प्रजासत्ताकाची बाजू घेतली, पुस्तिका काढून चर्चला अंगावर घेतले. आम्ही त्याबद्दल त्याला मानतो. परंतु १९३८ मध्ये त्याच्याच सभांत फ्रँकोच्या घोषणा झाल्या, कॅथलिक मते राष्ट्रवादी उमेदवाराकडे गेली आणि जागा युनियनिस्ट पक्षाने नेली.

तिथून माणूस बदलत गेला. १९४१ मध्ये विलोफिल्ड या प्रोटेस्टंट मतदारसंघातून तो परतला. पुढच्या वर्षी मजूर पक्ष सोडून वेगळी चूल मांडली, १९४३ मध्ये युनियनिस्ट सरकारात मंत्री झाला, १९४७ मध्ये सरळ त्या पक्षातच गेला. ऑरेंज ऑर्डरचाही सभासद झाला, म्हणजे ज्या मेळ्याने त्याला सडका ठरवले असते त्याच मेळ्याचा. काही जण याला फितुरी म्हणतात. आम्हाला ते अपुरे वाटते. जन्माने मिळालेली जागा त्याच्यासाठी रिकामीच ठेवलेली होती. थकल्यावर तो तिथे जाऊन बसला. कॅथलिक सोबत्याला अशी जागा कुठे होती?

१९४९ च्या अखेरीस शिक्षणमंत्री हॉल-थॉम्पसनला राजीनामा द्यावा लागला. कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांच्या विम्याचा हप्ता सरकारने भरावा, एवढाच त्याचा गुन्हा. त्यावर ऑरेंजवाले खवळले. रिकाम्या खुर्चीवर हॅरी मिजली बसला आणि १९५७ मध्ये मरेपर्यंत बसून राहिला. १९२३ साली फॉल्समधल्या ज्यांनी त्याला मत दिले होते, त्यांची नातवंडे तेव्हा त्याच शाळांत शिकत होती.