तळाची ओळ

वाचनालये, मंडळे, माजी विद्यार्थ्यांचे संघ आता हौसेने आपापली संकेतस्थळे काढू लागले आहेत. स्थळ तयार झाले की सर्वांची नजर प्रथम जाते ती तळाच्या एका ओळीवर. ज्या कंपनीच्या साधनावर ते उभारले, तिचे नाव तेथे झळकत असते. ही ओळ कशी काढावी, असे मजसारख्या मराठीच्या शिक्षकासही विचारले जाते. मुख्याध्यापकास सर्व विद्या अवगत असतात, अशी आमच्याकडे एक भाबडी समजूत आहे!

निपाणीकरांना हा व्यवहार अपरिचित नसावा. विड्या वळणारी बाई घरी बसून वळते. कट्ट्यावर लेबल मात्र कारखानदाराचे. फुकट किंवा स्वस्त योजनेत कंपनी जागा देते आणि मोबदल्यात आपली जाहिरात तुमच्या दारावर लावते. विक्स या कंपनीची एक स्वस्त योजना तर अशी होती, की पैसे भरून स्वतःचे नाव जोडता येई, पण कंपनीची पट्टी जागची हलत नसे. ती जावी म्हणून वरच्या दराची योजना घेणे भाग पडे.

यावर कोणी म्हणेल, पुस्तकावरही मुद्रकाचे नाव असतेच की! असते, पण ते निराळे. 1867 च्या कायद्याने मुद्रकाचे नाव व स्थळ छापणे बंधनकारक केले, ते मजकुराची जबाबदारी निश्चित व्हावी म्हणून. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव तर शुद्ध मुद्रणाची ग्वाहीच मानले जाई. तळाची पट्टी तुमच्या मजकुराची कसलीच हमी घेत नाही.

तथापि चलाख मुले दोन ओळींची सूचना लिहून ती पट्टी झाकून टाकतात, ते मला मान्य नाही. अटी मान्य करून जागा घेतली, तर त्या पाळाव्यात. न पाळल्यास स्थळ बंद होण्याचाही धोका असतो. सरळ मार्ग उपलब्ध आहे. वर्डप्रेस या नावाच्या दोन वस्तू आहेत, त्यांची गल्लत होते. एक कंपनीची सेवा. तेथे ओळ काढता येईल की नाही, हे घेतलेल्या योजनेवर ठरते. दुसरी 2003 साली प्रथम प्रसिद्ध झालेली मुक्त आज्ञावली. ती स्वतः भाड्याने घेतलेल्या जागेवर बसवावी. तिच्या परवान्यानुसार तळाची ओळ खुशाल काढता येते, त्यासाठी वेगळा दाम नाही. जागेचे भाडे आणि वेळोवेळी करावयाची डागडुजी मात्र आपल्या माथी येते.

मंडळाजवळ पैसे थोडे असतील, तर ते ओळ काढण्यात न घालता प्रथम स्वतःच्या पत्त्यासाठी खर्चावेत, असे माझे मत आहे. कंपनीच्या नावाचे शेपूट असलेला पत्ता कंपनी सोडताच सुटतो आणि निमंत्रणपत्रिकांवर छापलेला तो पत्ता निरुपयोगी होतो. 2014 पासून तर देवनागरीत, शेवटी ‘.भारत’ असलेला पत्ताही मिळतो. सीमाभागातील मराठी संस्थेस याहून अधिक काय हवे?

मात्र तो पत्ता संस्थेच्या नावे नोंदवावा, स्थळ तयार करणाऱ्या उत्साही तरुणाच्या नव्हे. तो उद्या नोकरीनिमित्त पुण्यास वा बंगळूरास जातो. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या टपालपेटीत पडून राहते, मुदत टळते आणि संस्थेचे नाव भलत्याच्या हाती जाऊ शकते. नूतनीकरणाची तारीख चिटणिसांच्या वहीत असावी आणि परवलीचा शब्द बंद पाकिटात, संस्थेच्या कपाटात.