परदेशी वैमानिक आणि देशी वेतन

मुलाने वा मुलीने वैमानिक होण्याची इच्छा व्यक्त केली की घरात प्रथम शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडला जातो. हा खर्च पुढे वेतनातून भरून निघेल काय, हे केवळ उमेदवाराच्या कौशल्यावर ठरत नाही. परदेशी वैमानिकांना कामाचा व्हिसा किती सहज मिळतो, यावरही ते काही अंशी अवलंबून असते. या दृष्टीने अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे.

तेथील प्रादेशिक विमान कंपन्या लहान शहरे मोठ्या विमानतळांशी जोडतात. नवशिक्या सहवैमानिकांना त्या दीर्घकाळ तुटपुंजे वेतन देत असत. 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलो शहराजवळ अशा एका कंपनीचे विमान कोसळून 50 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या चौकशीत वैमानिकांचा थकवा व अल्प वेतन यांची जाहीर चर्चा झाली. 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे 1,500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. पूर्वी 250 तास पुरेसे असत. साहजिकच पात्र उमेदवार दुर्मीळ झाले.

जे दुर्मीळ, त्याचे मोल वाढते, हा बाजाराचा नियम होय. परंतु मोल न वाढविता माणसे बाहेरून आणण्याचाही मार्ग असतो. ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी 2005 मध्ये निर्माण झालेल्या ई-3 व्हिसाच्या आधारे काही कंपन्यांनी तेथील वैमानिक आणले. अशा कर्मचाऱ्यास प्रचलित वेतनापेक्षा कमी देता येत नाही, अशी कायद्याची अट आहे. मग अमेरिकन वैमानिकांच्या संघटनेने आक्षेप का घेतला? प्रचलित वेतनच कमी असेल, तर ही अट ते आणखी घसरू देत नाही, एवढेच. ते वाढविण्याची निकड मात्र उरत नाही. शिवाय ज्याचे वास्तव्यच नोकरीवर अवलंबून, तो वेतनवाढीसाठी सहसा भांडत नाही.

कोरोनाच्या साथीनंतर टंचाई तीव्र झाली. तेव्हा, 2022 मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचे वेतन तात्पुरत्या वाढीसह ताशी 90 डॉलरांवर नेले. टंचाईचे ओझे कंपन्यांवर पडले, की वेतन हलते, ते असे.

तथापि परदेशी वैमानिकास दोष देणे न्याय्य नव्हे. आपल्याकडे 2003 नंतर नव्या विमान कंपन्या झपाट्याने निघाल्या, तेव्हा अनुभवी कप्तान पुरेसे नव्हते; कप्तान काही एका वर्षात घडत नाही. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परदेशी वैमानिकांना तात्पुरती परवानगी दिली. कप्तानच नसता, तर शेजारच्या आसनावर बसणाऱ्या आपल्या सहवैमानिकालाही काम मिळाले नसते. भारतीय वैमानिकही आखाती कंपन्यांत नोकरीस जातातच.

यास्तव 'वैमानिकांची टंचाई आहे' असे वाचताच कर्ज काढण्याची घाई करू नये. टंचाई कप्तानांची आहे की नवोदितांची, आणि ती कोणत्या वेतनावर आहे, हे आधी विचारावे. कप्तान मिळत नाहीत आणि नवे परवानाधारक मात्र नोकरीविना बसून आहेत, असे एकाच वेळी घडू शकते. जाहिरातीत या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात मावतात. घरच्या हिशेबात मात्र त्या वेगळ्या मांडाव्या लागतात.