वाघ दिसला का?

साकोलीहून नागझिरा अगदी जवळ. सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे तेथे जातात, जिप्सीतून रान पालथे घालतात आणि परतल्यावर सांगतात, "फादर, काहीच दिसले नाही!" साग, ऐन, मोह, तेंदू, रानगवे, पाखरे हे सारे "काहीच नाही"मध्ये जमा! या घाईवरच आमचा आक्षेप आहे.

व्यंकटेश माडगूळकर याच रानात मुक्काम करून राहिले, पायी हिंडले. 'नागझिरा' हे पुस्तक त्या सवडीतून झाले. आज पर्यटकास तेथे पायी हिंडता येत नाही. तो नियम योग्यच आहे. परंतु स्वस्थ बसण्यास कोणी मनाई केली आहे? भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पूर्वी बांधलेले तलाव आपल्या परिसरात आहेत. तेथे तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही; आणि तरीही पाळेवर आम्हांस आपल्यापैकी कोणी भेटत नाही.

हे रिकामटेकड्यांचे चोचले, असे काहीजण म्हणतात. मग रानफुले व पाखरे निरखण्यास प्रभूने सांगितले ते कोणाला? हातावर पोट असलेल्यांनाच ना?

येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही तलावाच्या पाळेवर बसणार आहोत. येणाऱ्यांनी चालत यावे. घड्याळ घरी ठेवले तरी चालेल.